दुसरी मूठ

प्रिय बारक्या,

ऑपरेशननंतरचा तुझ्या पाठीचा पट्टा सुटला हे तुझ्या बायकोकडून तुझ्या वहिनीला कळलं आणि वहिनीकडून मला. दोघींकडून गाळून आलेली बातमी, म्हणजे पक्की. तू स्वतः फोन केलास तेव्हा मात्र इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्यास आणि ठेवता ठेवता हळूच म्हणालास, की डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी घातलीय, आता बँडला माझा काय उपयोग, बेस गिटार वाजवायला दुसरा कुणीतरी बघा. असल्या बोलण्याला फोनवर उत्तर देणं मला कधी जमलेलं नाही. गिऱ्हाईक आलंय म्हणालो आणि ठेवला. म्हणून आता सावकाश लिहितोय. पण आधी बातमी ऐक.

मी मॉडेलर घेतला. हस, पण पाठ सांभाळून हस. अ‍ॅम्पमधले व्हॉल्व्ह तापल्याशिवाय गिटारला गळा फुटत नाही, असं अख्खं आयुष्य लोकांना ऐकवणाऱ्या तुझ्या दादाने, स्वतःच्या पायांनी शोरूममध्ये जाऊन घेतला. दप्तरात मावेल एवढा चपटा डबा, वर पायाने दाबायची बटणं, आणि आत मोठमोठ्या अ‍ॅम्पचे आवाज, एखाद्या नकलाकाराच्या पोटात असावेत तसे. त्याची वायर थेट हॉलच्या साउंड सिस्टिमला जोडायची. स्टेजवर अ‍ॅम्प लागतच नाही. ड्रमवाल्याने डबा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, यात पोळ्या गरम राहतात का? मग सगळेच मागे लागले, की तुला झालं तरी काय. मी म्हणालो, वय झालं. त्यांना ते लगेच पटलं, याचा मला थोडा रागच आला.

नकला मला नकोच होत्या. मला आपला अ‍ॅम्प हवा होता, तोच, दोन्ही बाजूंना मुठी असलेला, आपण दोघांनी मिळून वाहिलेला धोंडा. हा डबा खऱ्या अ‍ॅम्पचा आवाजही शिकून घेतो. अ‍ॅम्पपुढे माइक लावायचा, मग डबा अ‍ॅम्पमध्ये चित्रविचित्र शिट्ट्या आणि खरखर सोडतो, काय परत येतं ते ऐकतो आणि लक्षात ठेवतो. माइक बोटभर सरकला तरी आवाज बदलतो. शोरूमवाला म्हणाला होता, पाच मिनिटांचं काम आहे. त्याचं असेल. मी सबंध रविवार माइक सरकवत होतो. वहिनी शेवटी म्हणाली, एवढ्या वेळात गिऱ्हाइकाच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर काढून झाले असते, तिसरा असता तर त्याचाही. पण बारक्या, स्पीकरचा पडदा फाटला तेव्हा तू कागदाचं ठिगळ चिकटवलं होतंस ना, त्याची जाड तारेवर होणारी बारीक घरघरसुद्धा डब्याने उचलली. मी तिथेच खाली बसून ती पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली.

डब्याचा स्क्रीन पायाशी आणि माझे डोळे वर. लांबच्या चष्म्यातून अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, वाचायच्या चष्म्याने धुरकट. मग उभ्याने डोळ्यांपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं आणि तेवढ्यापुरत्या नंबरची काच स्वतः घासून घेतली. आपल्या चष्म्याच्या दुकानातली पोरं त्याला ‘पायांचा चष्मा’ म्हणतात. म्हणोत. स्टेजवर तोच लावतो.

पहिला कार्यक्रम एका कारखान्याच्या कँटीनमध्ये झाला, आणि तिथे तुझा दादा आपटला. सगळे आवाज मी घरी हेडफोनवर, हळू ठेवून बसवले होते. हळू आवाजात कानाला खर्ज कमी पोचतो, म्हणून मी तो चढवत गेलो होतो. कँटीनचे मोठे स्पीकर सुरू झाले आणि तो सगळा खर्ज पुरासारखा आत घुसला. ड्रमवाला मागून ओरडला, अरे टाकीत बसून वाजवतोयस का? खुर्चीवर बसून काढलेला नंबर जिना उतरताना दगा देतो, हे मी रोज लोकांना समजावतो, आणि तेच मला सुचलं नव्हतं. मध्यंतरात गुडघ्यांवर बसलो, पायांचा चष्मा उपयोगी नव्हता म्हणून दुसरा लावला, आणि एकेका गाण्याचा खर्ज उतरवला. पुढचा भाग असा वाजला, की गाणाऱ्या बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत स्टेजवर मला माझाच आवाज आज पहिल्यांदा ऐकू आला. ही तुझ्या दादाची स्तुती समजावी की आजवरची तक्रार, ते अजून ठरवतोय.

सगळं आटोपल्यावर डबा पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि सवयीने डाव्या बाजूला वाकून हात खाली नेला. मूठ नव्हती. समोर दुसऱ्या मुठीला तूही नव्हतास, ‘दादा, उंबरा’ म्हणून ओरडायला. साउंडवाल्याने विचारलं, काही पडलं का? मी म्हणालो, नाही.

आता खरं ते सांगतो. वय झालं ही थाप होती. त्या धोंड्याचा कंटाळा मला मेलो तरी आला नसता. शोरूमवाल्याने आधी काढलेले डबे मी एकामागून एक परत ठेवायला लावले, तो वैतागला, कारण मी आवाज ऐकण्याआधी त्यांची मागची बाजू बघत होतो. मला गिटार जोडायच्या दोन जागा हव्या होत्या. याला त्या आहेत, दोन्ही वेगवेगळ्या चालतात. एकीत मी. दुसरी अजून कोरी आहे, तिच्यातला बेसचा आवाज तुझ्या बोटांनी वाजवून बसवायचा आहे. कँटीनमध्ये आम्ही बेसशिवाय वाजवलं, पुढेही तसंच वाजवू, दुसरा कुणी बघणार नाही. तुझी बेस गिटार तुझ्या घरातून मी आणीन आणि मीच परत पोचवीन. पाठीला आधार असलेलं उंच स्टूल बघून ठेवलंय, बसून पाहिलं, डुगडुगत नाही. रविवारी दुपारी तालीम आहे. हात हलवत ये. उचलायला काही उरलेलं नाही.

तुझाच,
अजून डावीकडे वाकणारा
दादा