थेंब कोण घालतं?

मंगळवार, संध्याकाळ

काचबिंदूच्या नव्या औषधाच्या अभ्यासात मी नाव दिलंय. आज तपासणीला गेले, तर तिथल्या मुलीने विचारलं, "काकू, घरी थेंब कोण घालतं?" मी पटकन म्हणाले, "हे घालतात." घालतात! यांना जाऊन वर्ष होत आलं.

"मग पुढच्या वेळी काकांनाही आणा." मी मान डोलावली. खरं का नाही सांगितलं? एकटी म्हणून अभ्यासातून काढतील, ही भीती? की 'गेले' हा शब्द तोंडातून काढवत नाही...

आत्ता स्वतःच थेंब घातले. पहिला गालावर. माझ्या कॉन्व्हेंट शाळेची थट्टा करत हे थेंब घालताना म्हणायचे, "वर बघा, मदर. देव तिकडेच आहे." वर बघितलं. दुसरा बहुधा आत गेला. डोळा आधीच भरलेला, त्यामुळे कळलं नाही. गेला का, हे सांगायला कोणी नाही.