नक्षीची बाजू

२ फेब्रुवारी १९८६, लातूर

लोह्याहून सकाळच्या एसटीने निघालो, दुपारी लातूरला उतरलो. जिल्हा होऊन चार वर्षंही झालेली नाहीत, त्यामुळे निम्म्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत आहेत आणि पाट्या तेवढ्या दिमाखदार. मी नव्या कचेरीत आरेखक म्हणून आलो आहे. शिपाई शेषेरावाने माझं नाव विचारलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "निवृत्ती? आन् आजच रुजू होऊन राहिले, सायेब?" हा विनोद मला जन्मभर पुरला आहे, पण त्याच्या तोंडून ऐकून हसू आलं. माणूस चांगला आहे.

पंचशीला लोह्याच्या शाळेत शिकवते. ती आणि आमची सहा वर्षांची विशाखा शाळेला सुट्टी लागली की येतील, म्हणजे मेच्या सुरुवातीला. तोवर घर उभं करायचं आहे. गावाबाहेर प्लॉट घेऊन ठेवलाय. आजवर लोकांची घरं कागदावर काढली, आता स्वतःचं काढणार. सागाचे खांब, सागाच्या तुळया, वर मातीचं माळवद. कचेरीतले हसतात, सगळं जग सिमेंटकडे चाललंय आणि हा मागे. हसू देत बापडे. उन्हाळ्यात माझ्याच घरी गारव्याला येतील.

१६ फेब्रुवारी

लाकूड मिळालं, तेही अख्ख्या घराचं! शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या एका खेड्यात अमृतराव म्हणून गृहस्थ आहेत. गावातल्या विहिरी आटल्या, मुलं उदगीरला गेली, म्हणून तेही घर उतरवून निघालेत. दुष्काळात अशी बरीच घरं उतरवली जाताहेत. खांब काळेभोर आणि टणक आहेत, कीड कुठेही नाही.

आणि मुख्य दाराची चौकट! वेलबुट्टी, पोपट, मधोमध फुललेलं कमळ. मी हात फिरवत किती वेळ उभा होतो. अमृतरावांची आई नीलाबाई ओसरीवर बसून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग काहीच विचारलं नाही. मला काय ते कळलं. चौकट मात्र मी घेतलीच.

५ मार्च

भुजंग सुतार कामाला लागला आहे. मोठा हौशी गडी, दिवसभर गाणी म्हणतो आणि कशालाच नाही म्हणत नाही. प्रत्येक खांबावर त्याने गेरूने खूण केली आहे. पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो, त्यामुळे भिंतींची माती कालवायला वेळ लागतोय. मागचं दार पावसाळ्यानंतर काढू असं ठरवलं आणि मागची भिंत सध्या सलग घेतली. खिडक्यांना गज बसवले.

आज नकाशात हौस भरण्याचा दिवस होता. पंचशीला ठेंगणी आहे, म्हणून स्वयंपाकाचा ओटा वीतभर खाली. विशाखाच्या दप्तरासाठी तिच्या हाताला येईल अशी खुंटी. बुद्धमूर्तीसाठी पूर्वेच्या भिंतीत कोनाडा. भुजंग म्हणाला, "सायेब, घर न्हाई, अंगरखा शिवून राहिलो आपन."

२३ मार्च

आज चौकट बसली. मी ती उलटी बसवून घेतली. नक्षी आत, बैठकीकडे.

भुजंग आधी हसला. म्हणाला, मग दार बाहेरच्या अंगाला उघडेल आणि लाकडी अडसरही बाहेर येईल, घरातल्या माणसाला कोंडायची सोय होईल. मी म्हटलं, अडसर शोभेला राहू दे, आतून लोखंडी कडी लाव. "तुमचं घर, तुमची हौस," म्हणाला आणि कामाला लागला.

त्याला कारण सांगितलं नाही, इथे लिहितो. माझ्या आजोबांनी अशा चौकटी जन्मभर बाहेरून पाहिल्या. उंबरठ्यापासून चार हात लांब उभं राहून पाहिल्या. मला ती नक्षी माझ्या बैठकीत, माझ्या खुर्चीत बसून, चहा पीत पाहायची आहे. एवढी एक चैन मला हवी आहे आणि ती मी केली.

६ एप्रिल

घरात राहायला आलो. वंदना घेतली, शेषेराव आणि भुजंगला जेवू घातलं. ते गेल्यावर चहा घेऊन नक्षीसमोर बसलो आणि एकटाच हसत राहिलो. पंचशीलाला पत्र टाकलं, घर तयार आहे, तीन मेला ये.

११ एप्रिल

एक बारीकशी गोष्ट. सकाळी भरलेला माठ दुपारी रिकामा असतो. झिरपला म्हणावं तर खालची जमीन कोरडी. दुसरा माठ आणला, त्याचंही तेच. या दुष्काळात माठसुद्धा चोरटे निघाले, असं शेषेरावाला म्हटलं, तर तो हसला नाही.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक जोरात झाली. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. भर दुपारी घरी आलो, दार उघडलं, आणि बैठकीत माणसं असावीत तसं वाटलं. दिसलं कोणी नाही. पण भरलेल्या खोलीत आपण जसे अंग चोरून शिरतो तसा मी शिरलो. का, ते सांगता येत नाही. उन्हात उभ्या माणसांच्या घामाचा वास होता. मिरवणुकीतला माझ्याच अंगाला लागला असेल.

१९ एप्रिल

दुपारी खुर्चीत बसलो होतो. दाराच्या पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला. उंचावरून, बारीक धारेने. या गावात आज असं पाणी कोण सांडणार? उठून दार ढकललं तर हलेना. बाहेरून अडसर लागला होता.

ओरडलो, खिडकीतून हाका मारल्या. योगायोगाने भुजंग राहिलेलं काम करायला आला, त्याने अडसर काढला. अंगणात कोणीच नव्हतं. धुळीत पावलं फक्त त्याची. त्याला म्हटलं, चौकट फिरवून दे. तो म्हणाला, निलंग्याला भाचीचं लग्न आहे, अक्षय तृतीयेनंतर येतो. तोवर अडसर तरी कापून टाक म्हटलं. त्याने कापला, तुकडे मी चुलीत घातले.

एका दाराला भिऊन घर सोडायचं? नाही. पंचशीलाला काय सांगू?

२२ एप्रिल

पलीकडच्या शेतात धोंडाबाई नावाच्या म्हातारबाई राहतात, आमच्यातल्याच. आज पहिल्यांदा घरी बोलावलं. उंबरठ्यातून आत नक्षी दिसली आणि त्या जागच्या जागी बसल्या. चौकट त्यांनी ओळखली. त्या अमृतरावांच्याच गावच्या निघाल्या.

त्यांनी जे सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात गावात फक्त त्या एका घराच्या विहिरीला पाणी होतं. आपली माणसं रोज दुपारी दारासमोर उन्हात उभी राहायची. वाट बघायची. नीलाबाई उंबरठ्यावरून, वरून, ओंजळीत धार सोडायच्या. एक दिवस पाणी कमी झालं आणि आतून अडसर पडला. माणसं हलली नाहीत. आज ना उद्या उघडेल म्हणून तिथेच राहिली. धोंडाबाईंची जाऊ कोंडाबाई ओंजळ पुढे धरूनच गेली. आणखीही गेले.

मी म्हटलं, ते तिकडे, त्या गावात. धोंडाबाई म्हणाल्या, "न्हाई लेकरा. ह्या नक्षीम्होरं आमी हुबं राह्याचो. नक्षी तुज्या बैठकीत हाय. मग ते कुटं हुबं राहतील?"

मला बसायला सुचेना. मी ज्या जागेला घर म्हणत होतो, ती त्या दाराच्या लेखी बाहेर होती.

२४ एप्रिल

शेषेरावाकडे राहायला जातोय, त्याला अजून सांगितलेलं नाही. उद्या पंचशीलाला तार करीन, येऊ नकोस. फक्त कपडे आणि ही वही घ्यायला आत आलो होतो.

अडसर पडला. मी जाळलेला अडसर. त्याचा आवाज मी ओळखतो आता.

२५ एप्रिल

खिडकीतून दिवसभर हाका. धोंडाबाई घागर घेऊन गेल्या. इकडे बघितलं, भिंतीकडे बघावं तसं, आणि पुढे गेल्या. माझा आवाज गजांच्या पुढे जात नाही. दारावर कुऱ्हाड घातली, लाकडाला ओरखडासुद्धा नाही. माळवदाला खालून पहार मारली, माती तोंडावर पडली, वर तुळयांचं छत तसंच.

माठ कोरडे.

२६ एप्रिल

आता ते दिसतात. दुपारी जास्त. सगळ्यांची तोंडं दाराकडे. कोणी मला काही करत नाही. थोडं सरकून मला जागा देतात. भीती त्याचीच वाटते.

२७ एप्रिल

जीभ टाळ्याला चिकटली आहे. पलीकडे पाणी ओततात. सारखं ओततात. सगळ्यांचे हात पुढे — मी खुर्चीत बसून आहे. माझी खुर्ची, माझं घर. ओंजळ धरणार नाही. माझ्या बाबांनी शपथ घातली होती, कोणापुढे —

नाही धरणार.

२८ एप्रिल

धरली.

पाणी आलं. गार होतं. प्यायलो. हात मात्र कोरडेच राहिले. तेव्हापासून तहान नाही, भूक नाही. रडलो तर डोळ्यांत पाणीही येईना.

३० एप्रिल

शेषेराव आला. अडसर काढून आत आला! मी त्याच्या समोर उभा राहून ओरडलो, त्याचा हात धरला. तो माझ्यातून पलीकडे बघत म्हणाला, "सायेब कुटं गेले म्हनावं?" टेबलावर ही वही उघडी होती. त्याला तीही दिसली नाही.

दार सताड उघडं. पळालो. उंबरठ्याशी पाय थांबले. कोणी अडवलं नाही. पाय उचललेच नाहीत. मागे उभ्या असलेल्यांचेही कधी उचलले नव्हते.

तो आला तसा गेला. म्हणजे ज्याने ओंजळ धरली नाही तो जाऊ शकतो.

२ मे

एकच विचार. उद्या त्या येतील. येऊ देत, घर बघू देत आणि जाऊ देत. दार उघडं राहू दे. टँकर दुपारचा यायचा आहे — पंचशीला बाटली आणेल, ती विसरत नाही. आणेलच.

मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही. आता या सगळ्यांकडे मागतोय, माझ्या लेकीला जागा देऊ नका. ते ऐकत नाहीत. दाराकडे बघतात.

३ मे

आल्या. शेषेराव स्टँडवरून घेऊन आला. म्हणतोय, "उन्हात लेकरू कशाला हुबं करता, बाई, आत बसा. मी सायबाचा तपास लावतो." गेला. जाताना दार लोटून —

पंचशीला किती वाळली आहे. ओटा बघून हसली. हात लावून पाहिला. डोळे पुसले. विशाखाला म्हणाली, बाबा येतील एवढ्यात.

विशाखा नक्षीतला पोपट बघतेय. मी तिच्याजवळ बसलोय. वही मांडीवर.

अडसर —

पंचशीला दार ढकलते आहे. मला हाक मारते आहे. मी इथेच आहे गं — इथे —

बाटली रिकामी. प्रवासातच संपली.

विशाखाला तहान लागली. आईला सांगते आहे. पंचशीला माठ वाकडा करून —

पलीकडे ओतायला लागले.

विशाखाने ऐकलं. हसली. आई, पाणी, म्हणाली. दाराशी गेली. कोंडाबाई सरकली, तिला जागा —

नको. बाळा, नको. हात खाली. विशाखा, हात खाली घे, इकडे माझ्याकडे बघ, मी तुझे हात धरलेत, मी धरलेत, ते माझ्या हातांतून —