संगणकाने सुचवलेली ऊर्मिला सोमण

कोलोन,
१४ नोव्हेंबर २०१३

प्रिय सुधा,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखलं असशील. बारा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा पत्र न वाचताच बाजूला ठेवायचा तुला पूर्ण हक्क आहे. पण शेवटपर्यंत वाच आणि मग काय रागवायचं ते रागव. तू माझ्याशी पुन्हा बोलावंस, एवढ्यासाठीच हे सारं आहे. आधीच सांगून टाकते, कारण आडून आडून काही मागणं मला कधी जमलंच नाही. तुझा ई-मेल तुझ्या कॉलेजच्या साइटवर सापडला. फोटोही पाहिला, अजून तोच मधला भांग! पण ई-मेल तू एका बोटाने उडवला असतास, म्हणून कागद घेऊन बसले.

इकडचं थोडं सांगते. हृषिकेशने गेर्लिंगेनची नोकरी सोडली आणि सहा वर्षांपूर्वी आम्ही कोलोनला आलो. तनया अकरा वर्षांची आहे. मी तिला मराठीत ओरडते, ती मला जर्मनमध्ये उत्तर देते आणि शेवटी दोघी आपलंच खरं करतो. मी समाजशास्त्राच्या एका डिजिटल ग्रंथालयात आहे. संशोधन नाही, लेखांच्या नोंदी करायच्या. लेखक कोण, विषय कोणता, साल कोणतं. सध्या आमच्याकडे एक नवा प्रकार तयार होतो आहे. संशोधकाने आपलं नाव टाकायचं, की संगणक सांगतो, अमक्याबरोबर काम करून पाहा. वधुवर सूचक मंडळच म्हण ना, फक्त पत्रिकेऐवजी लेख जुळवायचे. तुम्ही कुणाबरोबर लिहिलंत, ते आणखी कुणाबरोबर लिहितात, विषय कितपत जुळतात, हे पाहून तो नावं काढतो. लाइपझिगच्या एका बाईंना त्याने ब्रेमेनचे एक गृहस्थ सुचवले. दोघं दहा वर्षं एकाच विषयावर आपापल्या खोलीत एकेकटे बसले होते, आता एकत्र पुस्तक लिहिताहेत. त्या बाईंचं आभाराचं पत्र आलं तेव्हा मला उगीचच भरून आलं.

गेल्या मंगळवारी आमच्या बॉसने, हाइकेने, सगळ्यांना आपापल्या नावाने चाचणी करायला सांगितलं. माझ्या नावावर आहेच काय? तुझ्याबरोबरचा तो एक लेख. भारतातली काही जुनी नियतकालिकं यंदा आमच्या संग्रहात आली, त्यात तोही आला. मी ‘मुक्ता आगाशे’ टाकलं. पासपोर्टवर, नोकरीत, सगळीकडे मी तीच आहे. संगणकाने क्षणभर विचार केला आणि अगदी गंभीरपणे मला सुचवलं, की तुम्ही सोलापूरच्या ऊर्मिला सोमण यांच्याबरोबर काम करावं. विषय शंभर टक्के जुळतात, ओळख करून द्यायला सुधा बिराजदार आहेत.

म्हणजे माझ्याचबरोबर! ऊर्मिला सोमण या नावाने मला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सासूबाई होत्या, त्या गेल्या. नाव आठवतंय ना तुला? तांदळाचं ताट तूच धरलं होतंस. सासूबाईंची हौस म्हणून हृषिकेशने अंगठीने तांदळात ‘ऊर्मिला’ लिहिलं, आणि हिला कुणी विचारलं का, असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. मला तेव्हा नव्या नवरीचा तोरा. मी तुलाच फटकारलं, की आता माझं नाव हेच आणि पुढच्या लेखावरही हेच घालायचं. महिनाभरात व्हिसाच्या घाईत जुन्याच पासपोर्टवर इकडे आले आणि मी काय बोलले होते ते साफ विसरले. तू मात्र विसरली नाहीस.

दुसरा लेख आल्याचं मला आपल्या विभागाचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या जयंतने कळवलं होतं. सुधाचा लेख छान आहे, पण तुझं नाव त्यावर कुठेच दिसलं नाही, असं त्याने लिहिलं. तो बिचारा लग्नाला नव्हता, तो आगाशे शोधत राहिला. आणि मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. मी परदेशात, नोकरी नाही, भाषा येत नाही, आणि माझ्या चाळीस मुलाखती वापरून सुधाने मला पुसून टाकलं, असं मनात घट्ट बसलं. तुझ्या दोन्ही ई-मेलना मी उत्तर दिलं नाही. तुला कारणही सांगितलं नाही. मंगळवारी तो लेख उघडला. वर्णक्रमाने बिराजदार आधी यायला हवं. तू ऊर्मिला सोमण आधी घातलंस. अख्खा लेख एकटीने लिहून माझं नाव पहिलं! सुधे, मी ऑफिसात रडले, आणि हाइकेला वाटलं सिस्टिम बंद पडली.

तिला सगळं सांगितलं. दोन नावं, बाई एकच, हे ऐकून ती ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, करत नाचायचीच बाकी राहिली, कारण अशा किती बाया आमच्या यंत्रात दुभंगून पडल्या असतील, हा प्रश्न तिला आयताच मिळाला. उपाय काय, म्हणाली. तेव्हा मला आपली प्रश्नावली आठवली. विडी वळणाऱ्या त्या एकशे बारा बायकांना प्रत्येकीला माहेरचं नाव विचारायचा तुझा हट्ट, आणि कागद वाया जातोय म्हणून माझी कुरकुर. एक म्हातारी तर स्वतःचं जुनं नाव सांगताना लाजली होती, हातातलं पान तसंच राहिलं होतं. मी हाइकेला म्हटलं, एक रकाना वाढवा. कालपासून आमच्या नोंदीत तो रकाना आहे, तो तुझा आहे, आणि ते मी तिथे सर्वांना सांगितलं आहे. मी तुझी फार ऋणी आहे, सुधा. रकान्यासाठी, आणि मी नसताना माझी जागा राखलीस त्यासाठी.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते. तो दुसरा लेख आला त्या वर्षी तू मला आमच्या तेव्हाच्या गेर्लिंगेनच्या पत्त्यावर एक जाड खाकी पाकीट पाठवलं होतंस. ते तुझ्याकडे परत आलं असेल, वर निळ्या शाईत दोन जर्मन शब्द. पत्ता चुकला असं तुला वाटलं असेल. पत्ता बरोबर होता. नको असलेलं टपाल कसं परत करायचं ते शेजारणीने नुकतंच शिकवलं होतं, आणि ‘आनामे फेरवायगर्ट’ हे मीच लिहिलं होतं, न उघडता. त्याचा अर्थ, स्वीकारायला नकार. त्यात तो लेख होता, हे आता कळतंय. संगणकावर तो मला दिसतो, पण मला तोच हवा आहे, तुझ्या हातचा. पाकीट अजून असेल तर तेच पुन्हा पाठव, माझे दोन शब्द खोडून. पोस्टमन साडेदहाला येतो. या वेळी मी खाली दारात उभी असेन.

तुझीच,
मुक्ता
आणि तू जिचं नाव पहिलं लिहिलंस ती ऊर्मिलाही