बेल वाजवू नये

प्रिय दादा,

तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी पहिल्यांदाच लिहितोय. आज वहिनीचा रिपोर्ट आला. चांगला नाही. उपचार बरेच लांबणार, असं डॉक्टर म्हणाले. घाटकोपरहून मुलुंडला परत येताना रिक्षात मी तिला म्हटलं, "उद्यापासून शिवणकाम बंद. बायकांना मी कळवतो. तू फक्त आराम करायचा."

ती बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "ह्यांनाही तुम्ही असंच बसवलं होतंत, भावोजी."

चौदा वर्षं तू सोसायटीचा सेक्रेटरी होतास. टाकी कधी भरते, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या लादीखाली आहे, सगळं तुझ्या डोक्यात. फुप्फुसांच्या आजाराने तुला पलंगावर आणलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, तरी लोक तुझ्याकडेच यायचे. मला संताप यायचा. माणूस श्वासासाठी झगडतोय आणि ह्यांना पार्किंगचं पडलंय!

त्या दिवशी मी ऑफिसात होतो. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढेना म्हणून प्लंबर आला. तू उठून बसलास, कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर त्याला पाइपलाइनचा नकाशा काढून दिलास. तासाभरात पाणी आलं. संध्याकाळी मला कळलं आणि मी तापलो. तुझ्याकडच्या किल्ल्या, फायली उचलून कमिटीला देऊन टाकल्या. दारावर लाल शाईने कागद लावला, 'आजारी माणूस आहे. बेल वाजवू नये.'

तू एवढंच म्हणालास, "अरे, चांगलं चाललं होतं आमचं."

प्लंबर येऊन गेला त्या दुपारी तू दुसऱ्यांदा भात मागून घेतला होतास. कित्येक आठवड्यांनी! हे मला आज रिक्षात कळलं. तेव्हाच का नाही सांगितलंस, असं विचारलं तर वहिनी म्हणाली, "तुम्ही इतकं करत होतात. कुठल्या तोंडाने सांगणार?"

केलंच ना मी? औषधांच्या वेळा सांभाळल्या, रजा टाकल्या, तुझी पाठ चोळली. फक्त तुला काय हवंय ते विचारलं नाही. आठवड्याने तूच विचारलंस, "वर पाणी येतंय ना रे?" मी म्हणालो, "तू आराम कर." येत होतं, दादा. व्यवस्थित येत होतं. एवढं सांगायला माझं काय जात होतं? त्यानंतर तू काही विचारलं नाहीस.

थोडा राग तुझ्यावरही आहे. सगळ्या सोसायटीशी भांडायचास, मग माझ्याशीच का नाही भांडलास? धाकट्याचं मन मोडू नये म्हणून गप्प बसलास, हो ना? मोडायचं होतंस रे.

वहिनीच्या बाबतीत असं करणार नाही, हा शब्द देतो. काय झेपेल ते ती ठरवेल. दमली तर थांबेल, आणि दुखतं म्हणाली तर मी लगेच 'होशील बरी' म्हणून तिचं बोलणं तोडणार नाही. माझ्या एका पँटची लांबी कमी करायची राहिली आहे. उद्या सकाळी घेऊन जातो तिच्याकडे. माप घेताना ती नेहमीसारखी म्हणेल, "हलू नका हो, भावोजी." तिला लागेल तेवढा वेळ मी उभा राहीन.

तुझा धाकटा,
सुधीर