मुंबईच्या फोनातले डफ

नल्लकुंटा, हैदराबाद
आषाढ, २००२

ती. आईस त्रिवेणीचा नमस्कार.

इकडे सगळे मजेत. तुझं मेतकूट अमेरिकेत पोचलं, लोकांनी नावाजलं. त्यांनी इंटरनेटवरून कार्डाने पैसेही भरले. ते मधल्या कंपनीकडून आपल्या खात्यात यायचेत, एवढंच. तुझे गुडघे कसे आहेत?

इथेच थांबणार होते, पण राहवत नाही. त्या कंपनीचा मुलगा रोज फोनवर म्हणायचा, "मॅडम, मुंबई ऑफिस से बोल रहा हूँ, पैसे निकल गए." काल तो हेच सांगत असताना आमच्या गल्लीतून बोनालूची, म्हणजे देवीची, मिरवणूक गेली. खिडकीतून डफ ऐकू आले, आणि आई, फोनमधूनही तेच डफ! मी विचारलं, "मुंबई में बी बोनालू होता क्या?" त्याने फोन ठेवला.

मी चपला घातल्या आणि मिरवणुकीमागे निघाले. पुढच्या वळणावर एका शिवणक्लासच्या माडीवर फोन सारखे वाजत होते. वर तो एकटाच. चांगलं झाडायचं ठरवून गेले होते, पण नाव सांगताच तो उठून उभा राहिला. "मालिक मेरा बी फोन नै उठाते, मॅडम. तनखा बी नै दिये."

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. माझ्याकडे न बघता त्याने उचलला आणि म्हणाला, "पैसे निकल गए."

या विक्रीसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरचे पैसे दादाने दिलेत. त्याला यातलं काही कळू देऊ नकोस. विचारलंच तर सांग, पैसे निघालेत.

तुझी
त्रिवेणी