वाटेवरचे तीन दगड

रविवार, संध्याकाळ

मुडबीच्या माळावर सायकलींसाठी मुरमाची नवी वाट शोधायला गेलतो, मागं दोस्त संगमेश. खाणीपाशी वाटेत तीन दगड रचलेले. म्हंजे पुढं सुरुंग लावलाय, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण खाण बंदच आहे समजून मी ते लाथेनं उडवले. अंगठा ठेचला.

वळणावर सुरुंग उडाला. कपची लागून संगमेशचा जबडा फुटला.

खाणीत सुरुंग लावणारा यल्लप्पाअण्णा धावत आला. "तीन दगड रचले होते की. कुणी काढले?"

"नव्हतेच," म्हणत मी त्याला मुस्काटात मारली. आवाज ऐकून जमलेल्यांनी मग त्याला तुडवलं. हात मोडला त्याचा.

कामून बोललो तसं?

बायको विचारायलीय, अंगठ्याला काय झालं. ठेच लागली म्हणालो.