लिंबायतच्या गच्चीवरची माती

लिंबायत, सुरत

तीर्थस्वरूप भाईदासमामांस,

सुकदेवचा साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे आता जिना चढू देतात का? इकडे आम्ही खुशाल आहोत. शेजारी मात्र आत्ता कुठे खुशाल होऊ लागले आहेत, त्याची हकिगत कळवतो.

बाबा गेल्यावर आईला मी इकडे आणलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आल्यापासून ती खिडकीशी बसून असायची. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी. एक दिवस अचानक म्हणाली, "गच्चीवर मेथी लावू का रे?" मला इतका आनंद झाला की समोरच्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यातून चार घमेली पिवळी माती मी लगेच वर चढवली. मेथी उगवली, पिवळी पडली आणि आठवड्यात मेली. आईने चिमूटभर माती बोटांत चुरली, "हाई माटी मरेल शे," म्हणाली आणि परत खिडकीशी जाऊन बसली.

आता, पालिकेच्या शाळेत 'माती कशी तयार होते' हा धडा मी वीस वर्षं शिकवतो आहे. खडक उन्हाने तडकतो, पाण्याने झिजतो, हजारो वर्षांनी त्याचा भुगा होतो. (माझ्याकडे एकच रविवार होता.) मी काळे दगड आणि घण घेऊन गच्चीवर गेलो. दुपारपर्यंत पाटीभर भुकटी झाली आणि खालच्या मजल्यावर चंचलबेनच्या ताटात छताचा पोपडा पडला. त्या भांडायलाच वर आल्या होत्या, पण पाटी पाहून त्यांना माझी कीव आली. म्हणाल्या, "मास्तर, आ तो भूको छे! इसमें जीव कहाँ है?" (दोन बायकांनी दोन भाषांत एकच गोष्ट सांगितली की मास्तरालाही समजते.)

मग मी बाजारातला पाला, सालं, देवळातली फुलं पिंपात ठासून भरली आणि झाकण घट्ट लावलं. आठ दिवसांनी जो वास सुटला, त्यासाठी इमारतीची सभा भरली. गच्चीवरच. सगळे माझ्यावर तुटून पडले असताना आई जिना चढून आली, पिंप आडवं केलं आणि सर्वांसमोर मला म्हणाली की कुजायलासुद्धा हवा लागते, एवढंही शिकवत नाहीत का तुझ्या शाळेत? तिने त्यात वाळका पाला कालवला, माझी भुकटी आणि ती मेलेली माती थराथराने घातली, चंचलबेनच्या कुंडीतली मूठभर गांडुळं सोडली. तेव्हापासून ती रोज वर जाते, पाणी शिंपडते, खालीवर करते आणि साऱ्या इमारतीच्या सुनांकडून सालं वसूल करते.

तीन महिन्यांनी काळी, भुसभुशीत माती झाली, मामा. मुठीत दाबली की गोळा होतो, बोट लावलं की सुटतो. परवा मेथी खुडली. पहिली जुडी चंचलबेनला गेली. आई त्या दिवशी दोन भाकरी जेवली. मी भाजी वाढायच्या निमित्ताने तोंड फिरवून उभा राहिलो. (पुस्तकात गांडुळाला दीड ओळ आहे. मी आता अख्खा तास देतो.)

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
सुकदेव

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. दिवाळीनंतर तुम्ही आईला कायमचं गावी न्यायला येणार आहात. घेऊन जा, असं फोनवर रडून मीच सांगितलं होतं, हेही खरं. पण आता तिला पाठवायला मन होत नाही. काही निमित्त काढून येणं टाळता येईल का? राहतेस का, असं तिला विचारायची हिंमत नाही. नाही म्हणाली तर?

आणखी एक ता. क. : मी पाकीट आणायला गेलो तेवढ्यात आईने पत्र वाचलं. तिचा निरोप जसाच्या तसा लिहितो : "भाऊ, तू जरूर ये. येतांना दोन गोण्या शेणखत लई ये, आन जातांना एकलाच जाय."